हैबतरावाचा नवस

दिवाळे गावच्या धर्मराज कोळ्याची बायको मालतीबाई पन्नाशीत एका परक्या पुरुषाच्या नादी लागली. तो पुरुष अडीचशे वर्षांपूर्वीचा, आरमारातला सरदार आणि तोही कादंबरीतला. पण धर्मराजाच्या पोटात दुखायचं ते दुखतच होतं.

मालतीबाई बेलापूरला मासळी विकायला बसायची. तिथल्या शौकतभाईंच्या वाचनालयातून तिनं या हैबतरावाचा पहिला भाग आणला, मग दुसरा. बोंबील वाळत घालायची तेव्हाही पुस्तक मांडीवर. कावळ्यांची चंगळ झाली. एकदा कालवणात मीठ नाही म्हणून धर्मराज कुरकुरला.

"तो किल्ल्यात उपाशी कोंडलाय," ती म्हणाली, "आनि तुमाला मीठ पायजे!"

हेही त्यानं गिळलं. पण तिसऱ्या भागाच्या अखेरीस हैबतराव खांद्याला गोळी लागून समुद्रात पडला, आणि मालतीबाईनं गावदेवीला नवस बोलला. माझा हैबतराव जगू दे, नारळांचं तोरण बांधीन.

"मना कावील झालती, तवा बोललीस काय नवस?"

"तुमाला डाक्टर व्हता. त्याला कोन हाय?"

त्या रात्री धर्मराज जेवला नाही. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

चौथा भाग आल्याचं कळलं तेव्हा तो आणायला धर्मराज आपणहून निघाला. हैबतराव मेल्याची बातमी त्याला स्वतःच्या तोंडानं तिला द्यायची होती.

"भाऊ, तुम्ही कधीपासून वाचायला लागलात?" शौकतभाईंनी विचारलं.

"मेला काय तो, येवढंच सांगा."

"ते सांगितलं तर माझं दुकान बसेल."

मग धर्मराज धक्क्यावर बसून, अक्षराखाली बोट सरकवत वाचू लागला. हैबतराव सापडेना. शेवटी एका कोळ्यानं जाळं ओढलं आणि जाळ्यात तो!

"वाचला!" धर्मराज ओरडला. शेजारी जाळं विणणारे माना वळवून बघू लागले. त्याला स्वतःचाच राग आला. तरी त्यानं पान उलटलं.

मालतीबाई दारातच उभी होती. "जित्ता हाय?"

"हाय. आपल्या लोकानी काढला, नायतर गेलता," तो म्हणाला, जणू जाळं त्यानंच ओढलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं देवळात गेली. पुजारी सदूनं तोरण हातात घेतलं. "कोनाच्या नावान बांधू?"

मालतीबाई गडबडली. देवीपुढं कादंबरीतलं नाव कसं घ्यायचं? पदर सावरत म्हणाली, "यांच्या."

धर्मराजाची छाती फुगली आणि लगेच बसली. नाव आपलं, नवस त्याचा.

"तुला काय झालतं रं?" सदूनं विचारलं.

धर्मराजानं खांदा चोळला. "हितं जरा लागलेलं."

परतताना मालतीबाईनं त्याच्या काखेतलं पुस्तक ओढलं आणि चालता चालताच उघडलं.

"पानात घातलेली माजी खून काढू नको," मागून धर्मराज करवादला. "मी फुडं हाय तुज्या."