सासऱ्यांचा न्यूमोनिया आणि माझा अपमान

माझ्या साडूंवर मी जळतो, हे मी बायकोसमोर कधी कबूल केलेलं नाही. तिला ते लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून ठाऊक आहे. साडू बँकेत मॅनेजर, मी कळमन्याच्या मंडीत संत्र्यांचा दलाल. ते मनीषनगरात सासऱ्यांच्या मागच्याच गल्लीत राहतात. मी जरीपटक्यात, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. धोंड्याच्या महिन्यात त्यांच्या ताटातले अनारसे मला जास्त वाटले, म्हणून मी एकदा मोजलेही होते. सारखेच निघाले. पण त्यांच्या अनारशांना जाळी चांगली पडली होती.

गेल्या हिवाळ्यात साडू बायकोला घेऊन चार दिवस पुण्याला गेले आणि त्र्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या सासऱ्यांवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मैदान मोकळं होतं. मी निवडून आणलेली संत्री आणि गरम तर्रीपोहे घेऊन सकाळी अकराला हजर झालो.

"या मॅनेजर साहेब," सासरे म्हणाले. "बँक काय म्हणते?"

मी म्हटलं, मी धाकटा. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, मग बदली कुठं झाली?

पोह्यांना त्यांनी हात लावला नाही. माझ्या प्रश्नांना दोन शब्दांत उत्तर द्यायचे आणि थांबायचे. मधूनच खांदे उचलून श्वास घ्यायचे. मला वाटलं, लाडक्या जावयाच्या आठवणीनं उसासे टाकत आहेत. ताप नव्हता, खोकला नावाला. संध्याकाळी बायकोनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, मस्त आहेत, तुझ्या जिजाजीची आठवण करून राहिले. दुसऱ्या दिवशी मंडीत काम निघालं म्हणून गेलो नाही. काम निघालं नव्हतं. मी रुसलो होतो.

तिसऱ्या दिवशी साडू एक दिवस आधीच परतले आणि स्टेशनवरून थेट सासऱ्यांकडे गेले. त्यांना पाहताच घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. बत्तीस, म्हणजे नेहमीच्या जवळपास दुप्पट. तासाभरात आम्ही सगळे दवाखान्यात होतो.

बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन सत्त्याऐंशी दाखवत होतं, रक्तदाब खाली गेला होता. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. न्यूमोनिया. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी समजावलं, की म्हाताऱ्या माणसात ताप-खोकला फारसा दिसेलच असं नाही. कधी कधी जेवण सुटणं आणि बोलण्यात गोंधळ होणं एवढंच आधी दिसतं. मग विचारलं, "हा गोंधळ जुना आहे की नवा? नवा असेल तर आजार गंभीर धरावा लागेल, आयसीयूत ठेवायचं का ते बघावं लागेल."

साडू म्हणाले, मी गेलो तेव्हा बाबा रोजचं कोडं सोडवत होते. त्यानंतर लहाने जावई होते.

सगळे माझ्याकडे वळले. खरं सांगतो, 'आजच सुरू झालं' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. साडूंसमोर नापास व्हायचं म्हणजे काय, ते बँकेतल्या माणसाला कळायचं नाही. पण काचेपलीकडे सासरे सलाइनच्या नळीला काहीतरी विचारत होते.

"परवा सकाळपासून," मी म्हणालो. "मले ओळखलं नाही. पोहे खाल्ले नाही. श्वासही असाच होता."

बायकोचा आवाज एकदम बारीक झाला. "अन् तुम्ही मले मस्त आहेत म्हणून सांगितलं? काहून?"

"मले वाटलं, मुद्दाम करून राहिले. माझा अपमान."

डॉक्टरीणबाईंनी 'परवापासून' लिहून घेतलं; 'अपमान' लिहिलं नाही. सासऱ्यांना लगेच आयसीयूत हलवलं. साडू मला काही बोलले नाहीत. त्यांचा हा चांगुलपणाच मला सगळ्यात जास्त खुपतो.

पाचव्या दिवशी सासरे वॉर्डात आले. भेटायला येणारा प्रत्येक जण साडूंच्या त्या मिनिटभराच्या मोजणीचं कौतुक करायचा, आणि मी शेजारी उभा राहून संत्री सोलायचो. शेवटी मी सेकंदकाट्याचं घड्याळ विकत घेतलं. सासऱ्यांचा डोळा लागला की पांघरुणाच्या वरखाली होण्यावर नजर लावायचो. एका दुपारी अठरा भरले. साडूंनी मोजले, एकोणीस. मी म्हटलं, तुम्ही एक श्वास दोनदा धरला. ते म्हणाले, परत मोजू.

आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना वाकून पुन्हा मोजायला लागलो.