गोदावरीच्या वाळूत सर्जा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, घोटाभर पाण्याची गोदावरी पुराच्या गोदावरीहून अधिक लबाड असते.

हा शोध मला कोपरगावाखाली लागला. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी बंद. म्हणून पलीकडच्या काठाला जायला मी कोंडिबाची बैलगाडी ठरवली. निघण्यापूर्वी त्याने मला भाकरी, ठेचा आणि आपल्या सर्जा बैलाची वंशावळ दिली. तिन्ही पोटभर.

उतारावर (नदी ओलांडायची जागा) गाडी थांबवायची नसते, हे त्याला ठाऊक होते. पण मधोमध मला देखावा पाहायचा होता, आणि पाहुण्याला नाही कसे म्हणायचे? गाडी थांबली. सर्जाने दोनदा पाय बदलले आणि पुढचे दोन्ही गुडघ्यापर्यंत वाळूत गेले.

कोंडिबाने जू सोडले आणि जोडीचा दुसरा बैल घट्ट वाळूवर नेला. आम्ही दोर लावून ओढू लागलो. जितके ओढावे तितकी वाळू आवळे. सर्जा घोगरा हंबरला.

"वढू नका, हाड मोडंल त्याचं." पात्रातल्या कलिंगडाच्या वाडीतून चांदभाई बागवान घागर घेऊन आले.

कोंडिबाचा चेहरा उतरला. पाय मोडलेला बैल पुन्हा उभा राहत नाही, आणि त्याच्याकडे जोडी एकच.

चांदभाईंनी पायालगत काठी खुपसली आणि त्या भोकात पाणी ओतले.

"बुडत्याला आणखी पाणी?" मी विचारले.

"हिसका दिला की वाळू दगड हुती. पानी पाजलं की सुटी हुती. मी रोज हितंच खड्डं खनतो, सायेब. तुमी देखावा बगा."

मी घागर भरभरून देऊ लागलो. कोंडिबा पाय हळूहळू हलवत होता. बुडबुडे आले, कण वर उसळू लागले, आणि मघाचा दगड आंबिलीसारखा पातळ झाला. एक पाय निघाला, मग दुसरा. सर्जा घट्ट वाळूवर जाऊन थरथरत उभा राहिला.

त्याच्या जागी मी होतो. पातळ वाळूत मीही गुडघाभर उतरलो होतो, आणि ओतणे थांबताच ती माझ्याभोवती पुन्हा घट्ट बसली. मी हाक मारली. चांदभाई घागर घेऊन वळले.

घरी लोक विचारतात, त्या वेळी देव आठवला का. देवाला वेळच मिळाला नाही. सर्जाच्या नडगीवरून हात फिरवत, मान न वळवता कोंडिबा बोलून गेला:

"ऱ्हाऊ द्या, चांदभाई. मान्साचं हाड बसवत्यात गावात. आदी बैलाचा पाय बगा."