चपलांवरची नजर

घाटमाथ्यावरच्या आमच्या गावात थंडी हाडांत शिरते. समाजमंदिरात बायकांचं भजन रंगलं होतं, भिंतीवर दोन हीटर लालबुंद झाले होते, आणि दार सताड उघडं! विजेचं बिल झेपत नाही म्हणून समिती होळीपर्यंत इथे कुलूप लावणार आहे. मग या बायकांनी हिवाळाभर जायचं कुठे? हे विचारणारी पत्रकं घेऊनच मी गेलो होतो. आधी रागाने दार लोटलं.

"उघड ते!" शांताकाकू कडाडल्या. "चपला दिसायला नकोत?"

"चपलांसाठी आख्खा डोंगर तापवायचा, काकू?"

"गेल्या वर्षी माझी गेली, तेव्हा तू आणून दिलीस का?"

माणूस डोळे मिटून देवाला आळवतो, तेव्हा त्याचं किती मन उंबऱ्याबाहेर बसलेलं असतं? ऊब हवी आणि राखणही हवी, मग दार लावायचं तरी कसं?

"पिशवीत घालून आत आणा," मी म्हणालो.

"देवापुढे?"

"त्याला काय पाय नाहीत?" मागून एक आजी म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

पिशव्या आत आल्या, दार लागलं. तिसऱ्या अभंगाला शांताकाकूंनी शाल उतरवली.

"अरे, एक हीटर बंद कर. उकडतंय."