सत्काराचा नारळ

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपले साचतात. आमच्या कंपाउंडात ओल्या कचऱ्याचा एक निळा ड्रम आहे. वरून सालं, देठं, चहाचा चोथा टाकत राहायचं. कधीतरी खालचं झाकण उघडलं की काळंभोर खत भसाभसा बाहेर! आमच्या वसंतवर्गाचं तसंच झालंय. कुणी नुसतं "त्या रविवारी..." म्हणायचा अवकाश, पुढे तासभर चहावाल्याची चांदी.

लोक म्हणतात, दिन्या शिरोडकर वाढवून सांगतो. सांगतो बाबा. लालबागला माझं लायटिंगचं दुकान आहे. एका बल्बचे दहा दिसले पाहिजेत, हा आमचा धंदाच. पण हे किस्से जवळजवळ जसेच्या तसे आहेत.

वसंतवर्ग म्हणजे काय, तर पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दर रविवारी सकाळी परळच्या आमच्या चाळीच्या कंपाउंडात दोन उद्योग. एका कोपऱ्यात अलिबागकडचे म्हात्रेकाका आणि काकी टेम्पो लावतात. मांडव्याला रो-रो बोटीत चढवायचा, भाऊच्या धक्क्याला उतरवायचा, थेट आमच्या दारात. पांढरा कांदा, वाल, नारळ. मध्ये दलाल नाही. आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्याच दोघांकडून आम्ही शिकतो. कुंडीत मेथी कशी लावायची, खत कसं करायचं, कांद्याची माळ कशी विणायची.

वर्गाच्या प्रमुख कांबळे मॅडम. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. शाळेतून रिटायर झाल्या, पण शाळा अजून त्यांच्या आवाजात भरते. माईक, मांडव आणि नको तिथे सल्ला हे खातं मंग्याकडे. मंग्या म्हणजे आमच्या गणपती मंडळाचा डेकोरेटर आणि माझा बालमित्र.

विरोधी पक्षात एकटेच परबअण्णा, चाळीचे चेअरमन. त्यांना कंपाउंडात पार्किंगचे पट्टे मारून हवे होते. पांढऱ्या रंगाचे डबे आणून जिन्याखाली ठेवलेसुद्धा होते! शेवटी त्यांनी अट घातली. अक्षय्य तृतीयेला कंपाउंड भरलेलं दिसलं तर रविवार वर्षभर शेतकऱ्यांचे. नाही दिसलं तर दुसऱ्या दिवशी पेंटर.

आम्हाला ही गंमत होती, म्हात्रेकाकांना नव्हती. रविवार मिळाले तर पुढच्या हंगामात सगळ्या रानात कांदा. नाही मिळाले तर अर्धं रान एका फार्महाउसवाल्याला द्यायचं, तो वर्षभर मागे लागला होता. त्या माणसाचा विषय निघाला की काकी उठून टेम्पोच्या पलीकडे जायच्या.

*

पहिला रविवार. गिरणगावात सत्काराशिवाय काही सुरू होत नाही. नळ दुरुस्त झाला तरी प्लंबरला शाल पडते. मंग्याने शाल आणली, हार आणला, काकांना खुर्चीवर बसवलं आणि तेव्हा लक्षात आलं की नारळ राहिला! धावत टेम्पोकडे गेला, काकींकडून एक नारळ विकत घेतला, धावत परत आला, त्याला कुंकू लावलं आणि वाकून काकांच्या हातात ठेवला.

काकांनी नारळ कानाशी हलवून बघितला. समोर माईक चालू होता.

"हा माज्याच माडाचा हाय."

टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, भाषण झालं.

पुढच्या रविवारी पुन्हा सत्कार. पाहुणा तोच, पण आलाय म्हटल्यावर नको का? मंग्या पुन्हा नारळ विसरला, पुन्हा काकींकडे धावला. काकींनी जो काढून दिला त्याला आधीच्या रविवारचं कुंकू तसंच होतं. मंग्याने पैसे मोजले, काकांना दिला, काकांनी कानाशी हलवला आणि टेम्पोच्या सीटखाली ठेवून दिला. मग हे दर रविवारी सुरू झालं. एकच नारळ जन्मभर विकत घेत राहणारा मंग्या हे जगातलं पहिलं गिऱ्हाईक असावं.

मी एकदा काकांना म्हटलं, "दुसऱ्या कुणाला विकून टाका की तो."

"नको रं. हा सत्काराचा हाय," काका म्हणाले, आणि गालात हसले.

*

मॅडमनी पहिला गृहपाठ दिला तो साधा होता. येताना प्रत्येकाने एक कुंडी आणि माती आणायची, मेथी पेरायची.

आता लालबाग-परळच्या माणसाला माती म्हटलं की एकच माती माहीत. सगळा वर्ग उठला आणि ओळखीच्या मूर्तिकारांकडे गेला! कुंड्याच्या कुंड्या शाडूने भरून आल्या. मऊ, गुळगुळीत, बघत राहावी अशी. मेथी पेरली. काही जणांनी वरून ओला हात फिरवून फिनिशिंगसुद्धा केलं. त्या वेळी मॅडम वालाचं बियाणं शोधायला काका-काकींबरोबर टेम्पोत चढल्या होत्या, त्यामुळे तिघांनीही काही बघितलं नाही.

आठवडाभर चैत्राचं ऊन. पुढच्या रविवारी काकांनी पहिल्या कुंडीवर बोटाने टिचकी मारली. टण्ण! दुसरी. टण्ण! आख्खी रांग जलतरंगासारखी वाजवत गेले आणि मॅडमकडे वळले.

"बाई, यात मेथी नाय उगवाची. मूर्ती उगवंल."

मॅडमनी सांगितलं, शाडू आणलेल्यांनी हात वर करा. सगळे हात वर. त्या प्रत्येक कुंडीजवळ थांबत पुढे सरकत होत्या. मंग्याच्या कुंडीपाशी मात्र बराच वेळ थांबल्या.

मंग्याच्या कुंडीला सोंड होती.

*

परबअण्णांना एक गोष्ट कळू द्यायची नाही, असा चाळीत अलिखित नियम होता. ती म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी परबकाकू आहेत.

अण्णा गॅलरीत आले की काकू टेम्पोमागे. अण्णा आत गेले की काकू पुन्हा पहिल्या रांगेत. कांद्याची माळ त्या इतकी सुबक विणायला लागल्या की म्हात्रेकाकी आपली गाठ त्यांना तपासायला देऊ लागल्या. घरी जाताना पिशवीतून माळ न्यायच्या आणि दादरच्या मंडईतून आणली म्हणून सांगायच्या.

अण्णांना तो कांदा भलताच आवडला. आधीच मालवणी जीभ, त्यात दोन्ही वेळा कच्चा कांदा, जेवणात दुसरं काही नसलं तरी चालेल! एका रविवारी ते स्वतः खाली उतरले, हातात स्वयंपाकघरातली माळ. भर वर्गात ती काकांच्या नाकासमोर धरली.

"मेल्या, कांदो असो असता. दादराक मिळता. उगाच टेम्पो घेऊन हय कशाक येतस?"

टेम्पोमागे काकू आणखी खाली वाकल्या. काकांनी माळ हातात घेतली. कांदा आपल्याच शेतातला, शेवटची गाठ आपल्या बायकोने शिकवलेली. उलटीसुलटी करून बघितली आणि आदराने परत दिली.

"खरं हाय, अन्ना. आमाला अजून शिकाया लागंल."

*

जयंतीचा आठवडा आला. मी बीडीडीत निळ्या माळा लावण्यात बुडालो होतो. आम्हा सगळ्यांना वाटलं, निदान या रविवारी मॅडम सुट्टी देतील. मी शिडीवरूनच विचारलं.

खालून मॅडम म्हणाल्या, "शिरोडकर, जयंतीला सुट्टी घेत नाहीत. दुप्पट अभ्यास करतात. रविवारी तोंडी परीक्षा."

पहिला नंबर मंग्याचा. प्रश्न होता, कांद्याचं पाणी कधी तोडायचं? मंग्याने प्रामाणिकपणे सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर ते रोज सकाळी आपोआपच तुटतं. नापास. मला विचारलं, वाल कधी पेरतात? मी ठणकावून सांगितलं, भात कापून झाल्यावर. मॅडम म्हणाल्या, उत्तर बरोबर आहे, आता परबकाकूंना सांगा, पुटपुटताना ओठ हलवू नका.

हे बघून काकांना स्फुरण चढलं. आपलीही परीक्षा घ्या म्हणून ते खुर्ची ओढून बसलेच! मॅडमनी सोपा प्रश्न दिला. कांदा काढायला आला हे कसं ओळखायचं?

"मान पडली की," काका ऐटीत म्हणाले.

"पूर्ण वाक्यात."

काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पात सुकते, मान वाकते आणि आडवी होते, हे सगळं त्यांनी हातांनी, मानेने, शेवटी डोळे मिटून करून दाखवलं. वाक्य काही झालं नाही. मॅडमनी निम्मे मार्क दिले.

काकी हसून हसून टेम्पोच्या फाळक्याला टेकल्या. "बाईनी यांना बराबर ओलखला. घरी पन असाच हाय, निम्मा बोलतो नि गप होतो."

*

आणि अक्षय्य तृतीया उजाडली. रविवारीच आली होती. टेम्पो काठोकाठ भरून आला. एवढा माल काकांनी कधी आणला नव्हता. मंग्याने शनिवारभर खपून कांद्याच्या माळांची अशी कमान उभारली होती की खरं सांगतो, वरचा कांदा बघायला मान मागे टाकावी लागत होती. सगळं होतं, फक्त माणसं नव्हती! सुट्ट्या लागलेल्या, अर्धी चाळ कोकणात. कंपाउंडात मोजून तीन गिऱ्हाइकं, त्यातली एक बाई पत्ता विचारायला आलेली. काकी माळा उगाच इकडच्या तिकडे लावत होत्या. काका गेटकडे बघत. जिन्याखालचे डबे आज मुद्दाम पुढे काढून ठेवलेले.

मंग्या माझ्याकडे वळला. "दिन्या, आपल्याला शेती येत नाही. आपल्याला काय येतं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मंडळाच्या गोडाऊनकडे पळालो.

काही वेळात कंपाउंडापासून फुटपाथभर दोरखंड लागले, बांबू लागले, वळणं पडली. वर्गातल्या झाडून सगळ्यांना बिल्ले आणि शिट्ट्या. पाट्या गणपतीतल्याच होत्या, बदलायला वेळ कुठे होता? घेणाऱ्यांसाठी 'नवसाची रांग', नुसतं बघणाऱ्यांसाठी 'मुखदर्शन'. त्या तीन गिऱ्हाइकांना मंग्याने बाहेर काढलं आणि आठ वळणं फिरवून परत आत घेतलं. ते गोल फिरत असताना मॅडम माईकवरून सांगत होत्या, "मागच्यांनी ढकलू नका. पुढच्यांनी रेंगाळू नका."

लालबागच्या माणसाला दोरखंड दिसला की पाय आपोआप वळतात. एक आला, मागे दुसरा. एका आजोबांनी माझ्यादेखत पुढच्याला विचारलं, लाईन कसली? तो म्हणाला, "माहीत नाही, पण भराभर सरकतेय." ते ताबडतोब उभे राहिले. मग सोनं घ्यायला निघालेल्या बायका उभ्या राहिल्या. लाईन नाक्यावरून वळली, सिग्नलला गेली. ठाकूरद्वारहून माझ्या मेव्हण्याचा फोन आला की त्याच्या दारातून एक रांग जातेय, ती तुमचीच का? (हे मी थोडं वाढवलंय. तो त्या दिवशी परळला आला होता.)

अकराच्या सुमारास परबअण्णा देवळातून परतले. गेटवर दोरखंड. त्यांनी तो उचलला, तर समोरून कर्कश शिट्टी!

गेटवर ड्यूटीला परबकाकू होत्या. छातीवर बिल्ला, खांद्यावर पांढऱ्या कांद्याची माळ.

अण्णांनी बायकोकडे बघितलं. माळेकडे बघितलं. ती शेवटची गाठ त्यांनी ओळखली असावी, कारण त्यांचं तोंड उघडं राहिलं.

काकू म्हणाल्या, "लायनीत येवा."

चेअरमन लाईनीत उभे राहिले. आपल्याच चाळीत शिरायला सिग्नलपासून! मागचे पुढचे कांद्याबद्दल विचारत होते, आणि उन्हात तापलेले अण्णा त्यांना सांगत होते, "चांगलो असता. मी रोज खातंय."

ते टेम्पोपाशी पोचले तेव्हा कमानसुद्धा विकली गेली होती. नुसते बांबू उभे. टेम्पोत एक पात शिल्लक नाही, कंपाउंडात पाय ठेवायला जागा नाही. काकांनी रिकामे हात दाखवले. मग काहीतरी आठवल्यासारखं करून सीटखाली हात घातला आणि नारळ काढला. आमचा नारळ. कुंकवावर कुंकू चढून लालभडक झालेला. कानाशी हलवला, आत पाणी वाजत नाही बघून मान डोलावली आणि अण्णांच्या हातात दिला.

मंग्याच्या हाताला सवय. त्याने मागून शाल घातली. मॅडमनी माईकवर नाव पुकारलं. टाळ्या!

हातात नारळ, अंगावर शाल, समोर एवढी गर्दी. गिरणगावात जन्मलेला माणूस अशा वेळी दुसरं काय करणार? अण्णा दोन पावलं पुढे झाले, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी वाकले, आणि फाट्कन नारळ फोडला. रंगाच्या डब्यांना लागूनच.

पाण्याचा थेंब नाही. दोन्ही वाट्या उघडल्या आणि आत, मधोमध, पिवळसर, गुबगुबीत फूल!

नारळात फूल निघालं म्हणजे भरभराटीचा शकुन, हे आमच्या चाळीत कुणाला सांगावं लागत नाही. अण्णांनी ती वाटी कपाळाला लावली. गर्दीतून काकू कधी आल्या कळलं नाही. अण्णांनी फुलाचा तुकडा मोडून आधी त्यांच्या हातावर ठेवला. मग दुसरा म्हात्रेकाकींच्या. मग खिशातून फोन काढून पेंटरला एवढंच म्हणाले, "उद्या येव नको. खयच्याच सोमवारी येव नको."

शिट्ट्या! सगळे बिल्लेवाले एकदम! काकी पदर डोळ्यांना लावून हसत होत्या.

गलका ओसरल्यावर मंग्या टेम्पोशी आला. त्याचा चेहरा पडला होता. "काका, सगळं झालं, पण पुढच्या रविवारी सत्काराला आता नारळ कुठून आणू?"

काकांनी पुन्हा सीटखाली हात घातला. दुसरा नारळ काढला, कानाशी नेऊन हलवला, आत पाणी डुचमळलं तसा परत ठेवून दिला.

"याला अजून टाइम हाय."