फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक

कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मी थेट मस्कतला, अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये पोचते, शेजारच्या सिसिलताईकडे.

सिसिलताई वसईची. कुवेतमध्ये युद्ध पेटलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेली. मस्कतला येऊन काही वर्षं झाली तरी धुतलेले, इस्त्री केलेले कपडे ती दाराजवळच्या बॅगेतच ठेवायची. कपाट रिकामं. विचारलं की हसायची, "असू दे गं, हाताशी बरं असतं."

त्या नाताळला तिने स्वतःसाठी फ्रॉक शिवला. गुलाबी सॅटिनचा, तेव्हाच्या फॅशनप्रमाणे भल्यामोठ्या फुग्याच्या बाह्यांचा. चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर तो बॅगेत काही केल्या मावेना. एक बाही दाबली की दुसरी वर यायची. मी बॅगेवर बसले तरी चेन लागेना. पोट दुखेपर्यंत हसलो आम्ही. मग ती फ्रॉक बाहेर काढून झटकत म्हणाली, "हँगर आहे का गं तुझ्याकडे?"

मी हँगर आणला, वर दोन डांबरगोळ्याही. तिने फ्रॉक कपाटात लटकवला, दार लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं.

तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. आज कळतं, सिसिलताई मस्कतला आली ती त्या दिवशी.