मोठ्या जाऊबाईंचा शेवट

मालिकेतल्या नायिकेच्या मोठ्या जाऊबाई एका भागात देवळात जाते म्हणून घराबाहेर पडल्या आणि परत आल्याच नाहीत. अपघात नाही, भांडण नाही, तेरावं नाही. नटीनं दुसरं काम धरलं असावं. पण ही बाई गेली कुठं, असं त्या भरल्या घरात पुढं कुणी एका शब्दानं विचारलं नाही. दुसरी सून चहा ओतू लागली आणि मालिका चालू राहिली.

मला त्याचा संताप आला, आणि त्या संतापातून मी फॅनफिक्शन लिहायला लागले. म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं घेऊन आपली गोष्ट लिहायची, वाचनाच्या ॲपवर फुकट टाकायची आणि वर प्रामाणिकपणे नोंदवायचं, 'पात्रं माझी नाहीत'. मी वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे, राहते पडेगावला. घरात या लिखाणाला 'तुझं ते मोबाईलवरचं' म्हणतात. एवढी पुस्तकं वाचलेल्या बाईनं असल्या मालिकेच्या मागं लागावं, याचं आमच्या नात्यात बऱ्याच जणांना दुःख आहे. त्यांनी ते सोसावं.

माझ्या गोष्टीत जाऊबाई देवळात गेल्याच नाहीत. त्या रेल्वेत बसल्या, लासूर स्टेशनला उतरल्या आणि धान्याच्या एका आडतीवर कामाला लागल्या. खोली घेतली. खोलीची किल्ली कमरेला लावली. मला आडतीतलं काही कळत नव्हतं. ते शिकवणारी एक वाचक भेटली, लासूरचीच, वडिलांची आडत सांभाळणारी. आमची प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती. प्रत्येक भाग ॲपवर जायच्या आधी ती वाचायची आणि आवाजी निरोप पाठवायची. "ताई, हे काय लिवलंय? तुरीचा कुणी वास घेत नाय. दाण्याला दाताखाली धरत्यात. कट्‌कन वाजला तर वाळलेला." मी निमूट दुरुस्त करायची.

आमच्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्याचे संस्थापक-अध्यक्ष एक निवृत्त साहेब. मालिका बायको बघते म्हणून आपण बघतो, असं ते न विचारता सांगत. ग्रुपचे नियम त्यांनीच लिहिले होते, शक्य तितके समास वापरून. त्यातला एक मात्र आम्ही सगळे मनापासून पाळायचो: अर्धवट कथेला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. असल्या कथा आमच्याकडं ढिगानं असतात. कुणाला बाळ झालं, कुणाची परीक्षा आली, कुणाला कंटाळा आला. वाचकानं फार तर 'पुढचा भाग कधी?' विचारायचं आणि वाट बघायची.

माझीही कथा अडकली होती. घरच्यांना जाऊबाईंचा पत्ता लागतो, तिथं. वाचकांना त्या घरी जायला हव्या होत्या. मला नको होत्या. पण त्या का जात नाहीत, हे भाषण न ठोकता कसं लिहावं ते सुचत नव्हतं. मी थांबले होते.

मग ग्रुपचा वर्धापनदिन आला. उस्मानपुऱ्यात हॉल घेतलेला, मागं फलक, फलकावर साहेब. मला व्यासपीठावर बोलावून शाल घातली आणि एक पुस्तिका हातात दिली. माझी कथा, संपूर्ण. शेवटचा भाग साहेबांनी एआयकडून लिहून घेतला होता. "ताईंना वेळ मिळत नाही," ते माईकवर म्हणाले, "म्हणून म्हटलं, वाचकांना किती ताटकळत ठेवायचं?" आणि तो भाग त्यांनी स्वतः वाचला, आवाज खोल नेऊन. जाऊबाई घरी येतात. दारात रांगोळी. सगळ्यांचे डोळे पाणावतात. सासरे थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवतात. ती पदर खोचते आणि चहा टाकायला आत जाते.

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या.

मी म्हणाले, "सर, हा भाग माझा नाही. काढून टाका."

"अहो, नाव तुमचंच ठेवलंय."

"तेच काढा. अर्धवट कथेचा नियम तुमचाच आहे."

"नियम माणसांना आहे, ताई. इथं माणसानं कुठं हात लावलाय?" लोक हसले. साहेब खुलले. "आणि रागावू नका, पण ती जाऊ तुमची तरी कुठं आहे? तुम्हीच लिहिता ना, पात्रं माझी नाहीत म्हणून?"

याला उत्तर आहे. ज्यांची होती त्यांनी ती हरवली आणि शोधलीसुद्धा नाही, हे ते उत्तर. ते मला रिक्षात सुचलं. हॉलमध्ये मी शाल उतरवून घडी घालू लागले.

तेवढ्यात मागून एक ओळखीचा आवाज आला. चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. "ओ सर, सासरे तर चौथ्याच भागात वारले की. आशीर्वाद कोण देऊ लालं?"

पानं उलटल्याचा आवाज झाला. "व्हय की," कुणीतरी म्हणालं, "आपण रडलो होतो की तवा." एक काका म्हणाले, "फोटोतून दिला असंल." पुन्हा हशा.

साहेब डगमगले नाहीत. "किरकोळ चूक आहे. पुढच्या आवृत्तीत सासूबाई करू."

माझा राग खरा भडकला तो इथं. आमच्या खरेदी विभागात चुकीचं बेअरिंग आलं की आम्ही ते बदलून मागतो आणि मशीन चालू होतं. तसंच हे. सासऱ्याच्या जागी सासू बसवली की शेवट चालू. पण ती परत का गेली, हे त्या हॉलमध्ये एकानंही विचारलं नाही. मालिकेतल्या घरानंही विचारलं नव्हतं. एवढे भाग वाचून, प्रत्येक भागाखाली लाल बदाम टाकून, या माणसांनी त्या खोलीचं, त्या किल्लीचं काय केलं?

बाहेर चपला शोधताना लासूरची ती जवळ आली. "आता तरी लिव. तू बसून राहिली म्हणून त्याचं फावलं."

मी चिडलेलीच होते. "तुलाही ती घरीच जायला हवी असेल."

तिनं चप्पल पायात सरकवली. "मी गेले व्हते परत. दोनदा. तिला नको धाडू."

एवढं बोलून ती स्टेशनकडं निघाली. गाडीची वेळ झाली होती.

त्यानंतरच्या रविवारी मी शेवट लिहिला. नवरा आणि दीर मोटार घेऊन बाजारात येतात. जाऊबाई म्हणतात, "थांबा, माप चालू आहे." ते उन्हात उभे राहतात. माप संपत नाही. भाषण लागलंच नाही.

बऱ्याच जणींना तो शेवट निर्दयी वाटला. साहेबांनी आपला भाग काढला नाही. सासूबाई मात्र तत्परतेनं बसवल्या. त्यांचाच भाग जास्त वाचला जातो. मी ग्रुप सोडला, तरी निरोप येतात: ताई, जाऊबाई घरी आल्यावर पुढं काय झालं तेही लिहा ना.

मी प्रत्येकीला उत्तर पाठवते, नमस्कार-चमत्कार न करता. ती घरी गेली नाही.