मामा गाडीत आहेत

भाचीच्या लग्नाला मी वेळेवर पोचलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या नात्यागोत्यात गेली कित्येक वर्षं नेमकं उलटं सांगितलं जातं. अक्षता बारा पस्तीसची होती आणि बारा वाजून पाच मिनिटांनी मी नवरीला घेऊन मांडवापासून पंधरा पावलांवर हजर होतो. फक्त गाडीच्या बाहेर यायचं राहिलं होतं.

नवरी म्हणजे मंदी, माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक लेक. मंदी चार वर्षांची असताना तिचे वडील गेले आणि अक्का तिला घेऊन सोलापुरात आमच्याकडं आली ती कायमची. मंदीला शाळेत घातलं मी, सायकल शिकवली मी (पाडलीही मीच). तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. भटजी जेव्हा म्हणतील, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं', तेव्हा मंदीला हाताला धरून आपण मांडवात घेऊन जायचं. बायको अजून सांगते की, त्या चालण्याची मी आरशासमोर तालीम केली होती. साफ खोटं आहे. तालीम मी अंगणात केली होती.

आता गाडी. मी शाळेत विज्ञानाचा मास्तर. माझ्या ऐपतीत सायकलचा दिवा बसायचा, गाडी कुठली! पण आमच्या शेजारचे वकील सोलापूर सोडून गेले आणि जाताना आपली जुनी, दोन दारांची परदेशी गाडी जवळजवळ फुकटात माझ्या गळ्यात बांधून गेले. फुकटात का, ते नंतर कळलं. डावं दार कधीतरी बैलगाडीला धडकून चेपलं होतं, ते वकिलांनी वेल्डिंग मारून कायमचं बंद करून टाकलेलं. राहिलं माझ्या बाजूचं उजवं दार. सगळ्यांनी तिथूनच चढायचं, तिथूनच उतरायचं. आणि या दाराच्या लॉकला खोड अशी की, गाडी डावीकडं वळली की दार आपोआप उघडायचं. एकदा पार्क चौकात वळताना मी अर्धा बाहेर लोंबकळलो, तर शेजारच्या सायकलवाल्यानं शांतपणे विचारलं, "मास्तर, हितंच उतरता का?"

ही गाडी चार वर्षं चालती ठेवली ती उस्मानभाई मिस्त्रींनी. सात रस्त्याजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. लॉक त्यांनी तीनदा तार लावून सावरलं आणि लग्नाच्या आधी आठ दिवस स्पष्ट सांगितलं की, आतला खटका झिजलाय, मी जुन्या बाजारात दुसरा बघतो, तोवर दार दोरीनं बांधा पण हात लावू नका. दोरीनं? माझ्या भाचीची लग्नाची गाडी दोरीनं बांधायची? माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांच्या देखत मी त्यांना सुनावलं की, मी पंधरा वर्षं पोरांना तरफा शिकवतोय, मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. उस्मानभाई नुसतं "हौ मास्तर" म्हणाले आणि परत पान्याकडं वळले. त्या शांतपणानं तर मी जास्तच पेटलो. घरी आलो आणि लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीतून त्यांचं नाव खोडून टाकलं.

बायको म्हणाली, "अवो, ज्यानं तुमचं हे धूड चार वर्षं वढत ठेवलं, त्याला अक्षतेला बोलवायचं न्हाई?"

मी म्हणालो, यादी पक्की झाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी दार खोललं. घर पाहुण्यांनी भरलेलं, सोप्यात बायका शेंगाचटणी कुटायला बसलेल्या, आणि अंगणात मी. दाराचा आतला पत्रा काढून मी खुर्चीला टेकवला, स्क्रू पुरणाच्या ताटात ठेवले आणि भोवती जमलेल्या पाहुण्यांना तरफेचे तीन प्रकार समजावून सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या प्रकारापर्यंत फक्त माझे सासरे उरले होते, तेही झोपल्यामुळं. खटका कोरडा पडलाय हे माझं निदान. मशीनचं तेल घरात नव्हतं. पण सोलापूरच्या घरात एक तेल कधीच संपत नाही! मी चटणीजवळची शेंगतेलाची वाटी उचलली आणि सबंध लॉकमध्ये ओतली. बायकोनं वर बघितलं, कुटायची थांबली आणि परत कुटायला लागली.

सगळं जोडून झालं तेव्हा ताटात एक वस्तू उरली. करंगळीच्या नखाएवढी पोलादी क्लिप. मी विचार केला, ही जास्तीची घातलेली असणार, परदेशातली माणसं हाताची सढळ असतात. क्लिप फेकायला जीव होईना म्हणून तिनं आमंत्रणांची यादी नीट टाचून मी कोटाच्या खिशात ठेवली. दार लावून बघितलं. उघडून बघितलं. काय तो आवाज! खट्ट! मी ते वीस वेळा केलं, तेव्हा अक्का आतून ओरडली की उद्याला काहीतरी ठेव.

दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी टांग्यांनी पुढं गेली. मंदी पिवळं लुगडं नेसून, मुंडावळ्या बांधून मागच्या सीटवर बसली. मी माझं पोट स्टिअरिंगमागं बसवलं आणि दार ओढलं. एप्रिलचं ऊन असं की सीटवर भाकरी शेकावी. पार्क चौकात मी मुद्दाम जोरात डावीकडं वळलो. दार हललंसुद्धा नाही.

"बघितलंस का मंदे?"

"व्हय मामा," मंदी म्हणाली. गुणी पोर.

कार्यालयाच्या दारात वाजंत्री सुरू झाली, सवाष्णी ओवाळायला ताट घेऊन पुढं आल्या आणि मी हँडल फिरवलं. ते फिरलं. परत फिरवलं. परत फिरलं. लहान मुलांच्या भिरभिऱ्यासारखं ते कितीही फिरायला तयार होतं, दार मात्र आपल्या जागी ठाम. मी बाहेरून उघडायला सांगितलं. बाहेरचं हँडल तर एका पाहुण्याच्या हातातच आलं. त्यानं ते माझ्या बाजूच्या, कधीच खाली न जाणाऱ्या काचेसमोर धरून दाखवलं, मला माहीत नसेल म्हणून.

मग दार उघडण्यातले जाणकार जमले. कुणी दार ओढलं, कुणी ढकललं, कुणी गाडी हलवली. पोरांनी समोरची काच फोडायला वीट आणली, तर अक्काच्या चुलत सासूबाई आडव्या आल्या. अक्षतेच्या तोंडावर काच फुटली तर पोरीच्या संसाराचं काय, म्हणून त्यांनी वीट पदराखाली घातली आणि त्या विटेसकट तिथंच उभ्या राहिल्या. तेवढ्यात कुणाला तरी दिसलं की डाव्या बंद दाराची काच पूर्ण खाली जाते. मंदी शिडशिडीत, ती खिडकीतून निघाली असती. मी? माझ्या पोटाचा आणि त्या खिडकीचा हिशेब चौथीतल्या पोरानंही चुकवला नसता.

इतक्यात कर्ण्यावरून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

मांडवातून कुणीतरी ओरडून सांगितलं, "मामा गाडीत आहेत."

"मग उतरायला सांगा," भटजी कर्ण्यावरच म्हणाले. पाचशे माणसं मुठीत अक्षता घेऊन हसली.

बारा पंचवीस झाले होते. माझा चुलत भाऊ बाळू फेटा सावरत खिडकीपाशी आला. (हा फेटा तो सकाळपासून का बांधून बसला होता, हे मला तेव्हा कळलं.) बाळू म्हणाला, "मंदे, चल, ये बाहेर. मी हाय की. मी बी मामाच की." त्याच्यामागं अक्का उभी होती, रडवेली. मुहूर्त टळला तर व्याही काय म्हणतील, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाळू बरोबर बोलत होता. मी मान फिरवली आणि म्हणालो, जा मंदे, बाळूमामाबरोबर जा. 

मंदीनं मुंडावळ्या बाजूला केल्या.

"अक्षता पडू देत न्हाईतर न पडू देत," ती म्हणाली. "माझा मामा बाहेर आल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई."

मी गाडीत बसून रडलो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घाम आहे असं सगळ्यांना सांगितलं होतं.

तेव्हाच गर्दीतून पांढरा पायजमा, इस्त्रीचा सदरा आणि हातात आहेराची पिशवी अशी मूर्ती पुढं आली. उस्मानभाई! मी मंदीकडं बघितलं. ती खाली बघून म्हणाली की, पत्रिका मी स्वतः जाऊन देऊन आले होते, रागात तुमाला काय कळत न्हाई म्हणून बोलले न्हाई.

उस्मानभाईंनी बाहेरून लॉकच्या भोकाचा वास घेतला, डोळे मिटले आणि मग डाव्या खिडकीतून डोकं आत घातलं.

"मास्तर, ये शेंगतेल डाला क्या? कायकू? चटनी बनानेकी थी?"

मी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "जोडते वक्त कुछ बचा था क्या? छोटी क्लिप?"

मी खिशातून यादी काढली. क्लिप सोडवताना वरचंच पान उलगडलं आणि दोन रेघांनी खोडलेलं 'उस्मानभाई मिस्त्री' त्यांच्या नाकासमोर आलं. त्यांनी ते वाचलं. मग पिशवीतून पेचकस काढून माझ्या हातात दिला. दार माझ्या बाजूला, मध्ये माझं पोट, त्यांचा हात पोचणं शक्यच नव्हतं. काम मलाच करायचं होतं, त्यांनी फक्त सांगायचं होतं. चार स्क्रू काढा. काढले. पत्रा ओढा. ओढला. आत सळई लोंबती दिसंल, ती खटक्याच्या भोकात घाला. घातली. आता क्लिप. शेंगतेलानं आणि जुन्या ग्रीसनं बोटं अशी काळी, बुळबुळीत की क्लिप दोनदा सटकली. मागून मंदी माझ्या मानेवर पदरानं वारा घालत होती. तिसऱ्या खेपेला बसली.

"अब हँडल. हळू. ताकद नक्को," उस्मानभाई म्हणाले.

दार उघडलं. पंधरा वर्षं तरफा शिकवणाऱ्या मास्तरनं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेलं ऐकलं होतं.

बारा तेहेतीसला मी मंदीला घेऊन चालत गेलो. तालमीतलं एकही पाऊल आठवलं नाही, आम्ही दोघं अक्षरशः पळालो. अक्षता वेळेवर पडली. लग्नाच्या फोटोत मंदीच्या पिवळ्या लुगड्यावर, खांद्याजवळ, पाच काळी बोटं स्वच्छ दिसतात. ते लुगडं तिनं कधी धुवायला टाकलं नाही. पुढं कुणी विचारलं तर म्हणायची, हा माझ्या मामाचा आहेर.

पंगतीत मी उस्मानभाईंच्या शेजारी बसलो आणि माफी मागितली. तुमचं नाव मी खोडलं होतं, म्हणालो.

"देख्या की मैं," ते भात कालवत म्हणाले. "नाव काटलं, पर क्लिप तो सांबाळके रखी." आणि माझ्या पानातली चटणी त्यांनी स्वतःकडं ओढून घेतली, मी ती लॉकला घालीन म्हणून.

त्यांचे उपकार मी कसे फेडणार? ते असेपर्यंत गाडीच्या एका स्क्रूलाही मी त्यांना विचारल्याशिवाय हात लावला नाही, आणि विचारल्यावर त्यांनी लावूही दिला नाही.

आता मंदीच्या मुलीचं लग्न ठरलंय. तिचा मामा म्हणजे माझा मुलगा. परवा मंदी पत्रिका द्यायला आली, मला वाकून नमस्कार केला, शेजारी बसून कितीतरी वेळ माझा हात हातात धरून बोलली. मला भरून आलं. मग जाताना तिनं माझ्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, मामानं नवरीला चालत आणायचंय, आणि आदल्या दिवशी घरातलं शेंगतेल मोजून कुलपात ठेवायचंय.

कुलूप जरा कुरकुरतंय, असं तो म्हणत होता. मी बघतो म्हणालो, तर घरातली सगळी माणसं एकदम उठून उभी राहिली.